आतून कोमट

१

"प्लगला हात लावायचा नाही, आई. सांगून ठेवते."

"लावला," मी म्हटलं आणि प्लग उपसून हातात घेतला.

लेकीच्या बाथरूमबाहेरच्या बोळकांडीत आम्ही दोघी उभ्या होतो. बोळ असा अरुंद, की भांडताना कमरेवर हात ठेवायचीही सोय नाही. मधोमध ते मशीन. दुधी रंगाचं, गोल काचेच्या दाराचं, मीच घासूनपुसून रंगवलेलं. धुणं नुकतंच संपलं होतं. काचेवर फेसाचे ओघळ अजून सुकले नव्हते.

"दिलेली वस्तू परत मागतेस? लाज नाही वाटत?"

"दिलेली नाही, बयो. तू उचललेली. माझ्यामागे, माझ्याच घराच्या किल्लीने."

"पुढचं चांगलं मशीन तुझं, असं कोण म्हणालं होतं? सगळ्या गल्लीला मशिनं वाटत फिरतेस. पोटच्या पोरीची पाळी आली की हात आखडतो."

"दुसरं देते. आजच देते. दोन टबांचं आहे, पिळून पण…"

"मला हेच हवंय. याचा आवाज नाही, बाळ दचकत नाही. आणि हळू बोल, आत्ता कुठे झोपलंय."

मी आवाज खाली आणला. "याचं अर्थिंग गेलंय. झटका बसेल कधीतरी."

"तुझ्या जावयाने काल टेस्टर लावून बघितलं. करंट नाही, काही नाही."

"जावयाला टेस्टर कुठून धरतात ते तरी माहीत आहे का?"

"मग काय म्हणायचंय तुला? तुझं काम खराब आहे?"

माझ्या कामाला खराब म्हणणाऱ्या माणसाला मी दुसऱ्यांदा दारात उभं करत नाही. पण आतल्या खोलीत बाळ होतं. मी म्हटलं, "हो. खराब आहे."

लेकीने माझ्याकडे बघितलं. रागाने बघितलं असतं तर चाललं असतं. हल्ली मी चष्मा शोधत असले आणि तो डोक्यावरच असला, की ती जशी बघते, तशी बघत होती.

"आई, तुला बरं वाटतंय ना?"

याच नजरेच्या भीतीने मी तिला खरं सांगत नव्हते.

२

मी जुनी मशिनं गोळा करते आणि घरीच दुरुस्त करते. मला कोणी शिकवलं नाही. आमचं पहिलं मशीन बंद पडलं तेव्हा मेकॅनिकने झाकणही न उचलता "नवीन घ्या" म्हणून सांगितलं. मी त्याला वाटेला लावलं आणि स्क्रू ड्रायव्हर घेऊन बसले. ते मशीन मी पार बिघडवलं, पुन्हा उघडलं, पुन्हा बिघडवलं, आणि असं करताकरता शिकले. आता मागची खोली भरलेली आहे. रबरी रुळांमधून कपडे पिळणारं एक आहे, वरून झाकण उघडणारी आहेत, दोन टबांची आहेत. एखादं धड झालं की ज्या घरी धुण्याचे हाल असतील तिथे देऊन टाकते. लोक मला मोटरआजी म्हणतात. तोंडावर म्हणतात, म्हणून चालवून घेते.

हे मशीन भंगारवाल्याने आणलं.

"मोटरआजी, तुमच्यासाठी स्थळ आणलंय. वय झालंय, पण हाडं मजबूत."

"आणि तोंडाला हे काय बांधलंय?"

मशीनच्या गोल दारावर कडी होती. कोळशाच्या खोलीला वगैरे असते तशी, जाड, लोखंडी. चांगल्या एनॅमलला भोकं पाडून, नटबोल्ट लावून बसवलेली. कोयंड्यात कुलुपाच्या जागी एक लांब खिळा घालून तो पिळून वाकवला होता.

"लॉक गेलं असेल," भंगारवाला म्हणाला. "माणसं काय वाटेल ते करतात हो."

मलाही तेच वाटलं. पण दार उघडून बघते तर मूळचं लॉक ठणठणीत. खटकन लागत होतं, खटकन सुटत होतं. मग कडी कशाला?

दुसऱ्याने केलेलं जुगाड काढण्याआधी ते त्याने का केलं असेल याचा विचार करायचा, हा माझाच नियम. पण त्या कडीने दाराचं तोंड विद्रूप केलं होतं आणि कुरूप काम मला बघवत नाही. मी बोल्ट कापले, भोकं भरली, पॉलिश पेपरने घासली, रंग मारला. आज बोट फिरवून बघितलं तरी कडी कुठे होती ते कोणाला सांगता यायचं नाही. मला विचाराल तर काम देखणं झालं. अजूनही तेच म्हणेन.

मग बेल्ट बदलला, मोटरचे कार्बन बदलले, दाराचं रबर नवं घातलं. हीटर जळालेला होता. त्याच्या वायरी सोडवून, टेप गुंडाळून बाजूला बांधून टाकल्या. म्हणजे या मशीनमध्ये पाणी थंड येणार आणि थंडच जाणार.

आणि दार बोटभर उघडं ठेवलं. धुणं नसताना मशीनचं दार कधी लावून घ्यायचं नाही, आत ओल कोंडते, रबर कुजतं. ज्याला मशीन देते त्याला हे बजावूनच देते. लेकीला तर ते लहानपणापासून पाठ आहे.

३

चाचणीला चिंध्या घालणारे कारागीर मी पाहिलेत. चिंधी धुतली काय आणि न धुतली काय, कोणाला कळणार? मी आमचे वापरलेले, घामाचे कपडेच घालते. माझा स्वेटर घातला, ह्यांचा शर्ट, पँट, मोजे. एकेक सुटा, झटकून, सगळी बटणं काढून. बटणं लावलेली राहिली की काजं फाटतात.

मशीन लोण्यासारखं चाललं. मी खूश. दार उघडलं आणि कपडे ओढले, तर सगळे एकदमच बाहेर आले.

त्याचं काही नाही. उशीच्या अभ्र्यात मोजे शिरतात, चादर सगळ्यांना पोटात घेते, हे धुणं धुणाऱ्या कोणालाही ठाऊक आहे. पण शर्ट स्वेटरच्या आत होता आणि त्याच्या दोन्ही बाह्या स्वेटरच्या बाह्यांमधून मनगटापर्यंत आलेल्या होत्या. बटणं सगळी लावलेली, गळ्यापर्यंत, एकही काज न चुकता. शर्टाचं खालचं टोक पँटमध्ये नीट खोचलेलं. पँटच्या पायांतून मोजे लोंबत होते, टाचा मागच्या बाजूला.

"अहो, ही काय थट्टा?" मी ओरडले.

म्हटलं खरं, पण म्हणतानाच कळत होतं. आजारपणापासून ह्यांच्या बोटांत जोर नाही. बटण म्हणून लावता येत नाही. रोज सकाळी मीच लावते, आणि हे शाळेतल्या पोरासारखी हनुवटी वर करून उभे राहतात.

हे काठी टेकत आले. मी ते धूड दोरीवर टाकलं होतं, त्याच्याकडे हे बघत राहिले.

"हा कोण?"

"कोण म्हणजे?"

"नाही, माणूस वाळत घातलायस म्हणून विचारलं."

स्वतःच्या विनोदावर हे खोकला येईपर्यंत हसले. मीही हसायला हवं होतं.

४

दुसऱ्या दिवशी भर उन्हात, मागच्या खोलीची खिडकी सताड उघडून, मी मशीनसमोर स्टूल टाकून बसले. तेच कपडे पुन्हा मळवले होते. बटणं काढली आहेत हे दोनदा बघितलं. म्हटलं, चल, माझ्या डोळ्यांदेखत कर काय करायचं ते.

ड्रम फिरतो तेव्हा आतल्या फासळ्या कपडे वर उचलतात आणि वरून खाली आपटतात. थप. थप. आयुष्यभर ऐकलेला आवाज आहे तो, त्या आवाजावरून मी कपडे ओले किती ते सांगते. साबणाच्या पाण्यात तसंच चाललं होतं. पाणी गेलं, नवं आलं, खळबळायला लागलं. आणि थप थांबली.

मोटर चालू होती. ड्रमही फिरत होता, त्याची भोकं रेघा होऊन पळताना दिसत होती. पण कपडे वर जात नव्हते आणि पडतही नव्हते. खालचा ड्रम सरकत होता आणि ते आपल्या जागी होते. चालत्या गाडीत गुडघे जवळ घेऊन, पाठ टेकून बसावं तसे.

भार एका बाजूला झाला असेल, मी म्हटलं. पण मग धडधड झाली असती, मशीन नाचलं असतं. मशीन तर मांजरासारखं गुरगुरत होतं.

काचेवरचा फेस खाली घसरला आणि स्वेटरची बाही पुढे आली. बाही वाकलेली होती. ओलं कापड वाकतंच, कुठेही वाकतं. ही एकाच जागी वाकली होती, जिथे वाकायला हवी तिथे. बाहीचं टोक काचेला टेकलं आणि काचेवरून सावकाश वर गेलं. दाराचं लॉक असतं त्या बाजूला.

मी प्लग ओढला.

आत सगळं मटकन खाली बसलं. लॉक सुटायची वाट बघत मी स्टुलावर बसून राहिले. पळाले नाही, हे सांगायला हवं. मग दार उघडून हात घातला. बटणं लागलेली होती. स्वेटर बाहेरून नळाच्या पाण्याइतका गार होता. शर्टाच्या आत हात गेला, तर आतून कोमट. सगळीकडे सारखा नाही. काखेत जास्त, मानेपाशी जास्त. अंगातून नुकत्याच काढलेल्या शर्टासारखा.

मागचा पत्रा खोलून हीटरच्या वायरी बघितल्या. टेप जशीच्या तशी. मोटर तापली असेल? मोटर ड्रमच्या बाहेर, खाली. ऊन आलं असेल? ऊन काखेतच कसं येईल?

मी असलं काही मानणारी बाई नाही. भूतबाधा म्हणणाऱ्या बायकांना मी तोंडावर हसत आले आहे. म्हणून मी पत्रा पुन्हा बसवला, स्क्रू आवळले आणि कोणालाही काही बोलले नाही. हात फडक्याने पुसला. मग पुन्हा पुसला.

५

मशीनचा प्लग काढून ठेवला होता. दार सवयीने बोटभर उघडं.

एका दुपारी मी पलीकडून औषध घेऊन आले. उकाडा होता म्हणून जाताना ह्यांच्या शर्टाची बटणं सोडून गेले होते. हे पुढच्या खोलीत आरामखुर्चीत पेंगत होते आणि शर्ट गळ्यापर्यंत बंद होता. कॉलरचं बटणसुद्धा. ते तर मी कधी लावत नाही, ह्यांना घुसमटतं.

"बटणं कोणी लावली?"

"तूच ना," हे अर्धवट झोपेत म्हणाले. "हात तरी पुसून यायचंस. केवढे ओले हात!"

कॉलर भिजलेली होती. प्रत्येक बटणाभोवती ओला डाग होता, बोटाच्या पेराएवढा.

झोपेत माणसं चालतात, मग ह्यांची बोटं का चालणार नाहीत? पाणी पिताना सांडलं असेल. जमिनीवर पावलं नव्हती, थेंब नव्हते, मी गुडघे टेकून बघितलं. मग मागच्या खोलीत गेले. बोटभर उघडं ठेवलेलं दार लागलेलं होतं. खोलीत वारा नव्हता.

माझ्याकडच्या सगळ्यात जड, दोन टबांच्या मशीनला खांदा लावून मी ते त्या दारासमोर ढकललं. उद्या याचे तुकडे करायचे, ठरवून टाकलं. पण उद्या ह्यांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्यायचं होतं. तिथे दिवस गेला. दिवेलागणीला परत आलो तर दोन टबांचं मशीन बाजूला सरकवलेलं आणि त्यामागे जमिनीवर नुसता चौकोनी डाग.

माझ्या मनात काय काय आलं ते लिहीत नाही. शेजारीण कुंपणावरून म्हणाली, "जावई टेम्पो घेऊन आले होते की. लेक म्हणत होती, आईला चकित करायचंय."

लेक फोन उचलेना. बाळ झोपलं की ती फोनचा गळा आवळून ठेवते. ह्यांच्या डोळ्यांत औषध घातलेलं, काही दिसत नव्हतं. त्यांना टाकून जाता येईना.

फोन सकाळी तिनेच केला. मी ह्यांची बटणं लावत होते.

"चोरी पकडलीस का?" हसत होती. "आई, काय कमाल मशीन आहे गं! काल संध्याकाळी पहिलं धुणं काढलं. बाळाच्या झबल्यांच्या नाड्या बांधूनच बाहेर आल्या. नीट, सुरगाठी मारून. काय बसवलंयस तू त्यात? आणि हो, काळजी करू नकोस, दार बोटभर उघडं ठेवते. तू सांगतेस तसंच."

ह्यांचा शर्ट अर्धा उघडा टाकून मी निघाले.

६

"मला बरं वाटतंय," मी लेकीला म्हटलं. प्लग माझ्या मुठीत होता. "तू फक्त बाळाला उचल आणि माझ्याकडे चल. मशीन राहू दे इथेच."

"आत्ता म्हणालीस मशीन घेऊन जाते."

"आता म्हणते राहू दे. बाळाला उचल."

"का?"

"आधी उचल. मग सांगते."

"तू कधी काही सांगितलंयस? लहानपणी मी तापाने फणफणलेली असायचे आणि तू पंप उघडून बसलेली असायचीस. मशीन आधी, मग आम्ही. आज पहिल्यांदा तुझ्या हातचं काही मला आवडलं, माझ्या बाळासाठी मी ते मोठ्या कौतुकाने आणलं, तर…"

तिचा आवाज चिरकला. आतल्या खोलीतून हलकासा आवाज आला. रडण्याचा नव्हे. पोट भरल्यावर बाळं काढतात तसा, समाधानाचा हुंकार.

"उठवलंस ना!"

मी तिच्या बाजूने आत जायला बघितलं. ती बोळात आडवी आली.

"आधी सांग. काय आहे या मशीनमध्ये?"

आणि मी सांगितलं. "कोणीतरी आहे."

ती हसली, पण ते हसणं माझ्यासाठी नव्हतं. माझ्याबद्दल नवऱ्याशी बोलताना हसत असेल तसं.

"झालं. एवढंच ऐकायचं राहिलं होतं. आयुष्यभर असल्या बायकांची टर उडवलीस तू."

"उडवली. पुढेही उडवीन. तू आत जा."

"नाही जात. थांब, तुला दाखवतेच काय आहे ते."

तिने खाली बसून दार उघडलं. पुढ्यात बादली ओढली आणि एकेक कपडा काढून माझ्या तोंडासमोर धरायला लागली.

"हे दुपटं. आहे का कोणी यात? हा लंगोट. हा दुसरा लंगोट. बघ, नीट बघ. हे झबलं…" झबल्याच्या नाड्या बांधलेल्या होत्या. तिने त्या दाताने ओढून सोडवल्या. "नाड्या मीच बांधून टाकल्या असतील. काल रात्रभर जागी होते, मला तरी कुठे आठवतंय? हे आणखी एक."

प्रत्येक कपडा ती बादलीत आपटत होती. मी तिच्या डोक्यावरून ड्रममध्ये बघत होते. तळाशी अजून काहीतरी पिवळं होतं.

"आणि हे शेवटचं. संपलं. आता समाधान झालं?"

तिने ते दोन्ही हातांनी बाहेर काढलं. पिवळं झबलं, त्याच्या गळ्याशी पिवळं टोपडं बसलेलं, टोपड्याची गाठ हनुवटीखाली असते तिथे. बाह्यांच्या तोंडाशी हातमोजे. खाली छोटी विजार, विजारीला पायमोजे. सगळं आपापल्या जागी. तिने ते काखेत हात घालून उचललं होतं. धुण्याला कोणी असं उचलत नाही. तिच्या हातांनी ते आपणहून केलं होतं.

टोपडं कलंडलं आणि तिच्या मनगटावर टेकलं.

ओल्या कापडात हवा राहते, फुगा येतो, दाबलं की बसतो. हे मी हजारदा पाहिलंय. पण कोणी दाबलं नव्हतं. झबल्याचं पोट वर आलं, खाली गेलं. एकदाच. मग ते नुसतं ओलं कापड होतं आणि त्यातून पाणी गळत होतं.

"आतून कोमट आहे ना?" मी विचारलं.

लेकीच्या चेहऱ्यावरचा राग गेला होता आणि त्या जागी दुसरं काहीच आलं नव्हतं. ती माझ्याकडे बघत नव्हती. हातातल्या पिवळ्याकडे बघत होती, मग आतल्या खोलीच्या अर्धवट लोटलेल्या दाराकडे. तिथून पुन्हा तो हुंकार आला.

मग झोपलेल्या कोणाला जाग येऊ नये इतक्या हळू आवाजात ती म्हणाली, "आई, हे मी धुवायला टाकलंच नव्हतं, हे तर बाळाला घालून मी त्याला आत झोपवलंय."